टेकाड कोणाचे? एका कारखानदाराची चूक आणि ती सापडल्याची हकिगत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, तेव्हा तिची कल्पना ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते गृहस्थ मुंबईत नव्हते. ते वेल्समध्ये एका अजस्र लोखंडी कारखान्याचा कारभार हाती घेत होते. जॉर्ज टॉमस क्लार्क हे त्यांचे नाव. रेल्वेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एखाददुसरे वाक्य येते: १८४३मध्ये भांडुपला गेले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट रुळांनी जोडावेत असे त्यांच्या मनात आले. झाले, तिथून पुढे नाना शंकरशेट, बर्कली, जमशेटजी असा गाडा पुढे जातो आणि क्लार्क मागे राहतात.

ब्रिटनमध्ये त्यांचे नाव निघते ते वेगळ्याच कारणाने. मध्ययुगीन किल्ले या विषयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. कोणत्या विद्यापीठात ते शिकवत नव्हते, किल्ल्यांवर त्यांचे पोट नव्हते. हौस म्हणून आयुष्यभर किल्ले पाहिले, मोजले, त्यांवर लिहिले. आणि या हौशी अभ्यासकाने आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात एक अशी चूक केली, की ती दुरुस्त व्हायला बराच काळ आणि दुसरी एक हौशी अभ्यासक लागली. हे प्रकरण उलगडून पाहण्याजोगे आहे, कारण चूक आळसाची नव्हती. क्लार्क यांची जी नजर केअरफिलीच्या किल्ल्यावर सोन्यासारखी चालली, तीच मातीच्या टेकाडांवर फसली.

माणूस

जन्म १८०९चा, लंडनचा. वडील सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या आश्रमशाळेत पाद्री. शिक्षण शल्यवैद्याचे, पण मन रमले रुळांमध्ये. प्रसिद्ध अभियंता ब्रुनेल याच्या हाताखाली इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर त्यांनी काम केले, पूल उभारले. मग १८४३च्या सुमारास मुंबई. सरकारने त्यांच्याकडे सांडपाण्याची व्यवस्था आणि मिठागरे यांवर अहवाल देण्याचे काम दिले होते. रेल्वे हा त्यातून फुटलेला धुमारा. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंतापद त्यांना देऊ केले गेले, पण इथली हवा मानवणार नाही म्हणून ते त्यांनी नाकारले. आपल्या घाटांच्या दृष्टीने हे बरे झाले की वाईट, कोण जाणे. ते पद नंतर जेम्स बर्कली यांच्याकडे गेले आणि बोरघाटाचा चढ त्यांनी काढला.

मायदेशी परतल्यावर क्लार्क सार्वजनिक आरोग्याचे निरीक्षक झाले. गावोगाव जायचे, गटारे, विहिरी, मृत्यूंचे आकडे तपासायचे आणि सरकारला सांगायचे की इथे माणसे का मरतात. स्वान्सी, ब्रिस्टल अशा शहरांवरचे त्यांचे अहवाल प्रसिद्ध आहेत. १८५०मध्ये लग्न झाले ते डाउलाइस लोखंड कारखान्याच्या जुन्या भागीदारांच्या घराण्यातल्या मुलीशी. १८५२मध्ये कारखान्याचे मालक सर जॉन गेस्ट वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार क्लार्क विश्वस्त झाले. डाउलाइस म्हणजे काय चीज होती हे समजण्यासाठी एवढे सांगतो, की १८४५मध्ये तिथे १८ झोतभट्ट्या पेटत होत्या आणि ७,०००हून जास्त माणसे कामाला होती. क्लार्क यांनी तो सुमारे ४५ वर्षे चालवला, बेसेमर पोलादाकडे वळवला, स्पेनमधून खनिज आणण्याची सोय केली आणि समुद्रालगत कार्डिफला नवा कारखाना काढला.

हे सगळे सांभाळून किल्ले.

जिथे नजर चालली

त्यांचा किल्ल्यांवरचा पहिला लेख १८३५चा, म्हणजे ते पंचविशीत असतानाचा, आणि तो केअरफिलीवर होता. दक्षिण वेल्समधला हा किल्ला गिल्बर्ट द क्लेअर या नॉर्मन वंशाच्या सरदाराने १२६८मध्ये बांधायला घेतला. समोर वेल्सचा राजा लिवेलिन उभा ठाकला होता आणि त्याने बांधकाम चालू असतानाच एकदा हल्लाही केला.

आपल्याकडे पाण्यातला कोट म्हटला की जंजिरा आठवतो. तिथे पाणी देवाने दिलेले आहे. केअरफिलीला ते माणसाने आणले. ओढे अडवून दोन तळी तयार केली. पूर्वेकडची लांबलचक भिंत बाहेरून तट वाटते आणि ती तट आहेच, पण तिचे खरे काम धरणाचे. ती फुटली तर किल्ला उघडा पडेल, म्हणून तिलाही बुरूज आणि दरवाजे. पाण्याच्या आत बाहेरचा ठेंगणा तट, त्याच्या आत उंच तट आणि कोपऱ्यांना गोल बुरूज. शत्रू बाहेरच्या तटावर चढलाच तर आतल्या तटावरचे तिरंदाज थेट त्याच्या डोक्यावर. तटाखाली सुरुंग खणायचा तर वाटेत तळे. दगड फेकणारी यंत्रे जवळ आणायची तर तेच तळे.

हे आज माहितीफलकावर वाचून पुढे जायचे. १८३५मध्ये केअरफिली हे झाडोऱ्यात बुडालेले खिंडार होते. त्यातला एक बुरूज आजही भलताच कललेला आहे. त्या ढिगाऱ्यात कोणती भिंत पाणी अडवत होती, पाणी कोणत्या पातळीला उभे राहत असेल, कोणत्या दारातून आतल्यांना निसटता येत असेल, हे एखाद्या कवीला दिसले नसते. पूल आणि नाले बांधणाऱ्याला दिसले. एकात एक असे दोन तट असलेल्या किल्ल्यांचा वर्ग वेगळा काढावा, ही रीत रूढ करण्यात क्लार्क यांचा मोठा वाटा आहे. दगडाला ते एकच प्रश्न विचारत: तू इथे काय काम करतोस? आणि दगड उत्तर देई.

जिथे नजर फसली

१८८४मध्ये त्यांचा इंग्लंडमधील मध्ययुगीन लष्करी वास्तुकलेवरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. आयुष्यभरातले सुटे लेख त्यात एकत्र केले होते. सुरुवातीला सर्वसाधारण विवेचन आणि मग एकेका किल्ल्याचे वर्णन. त्या सर्वसाधारण विवेचनात टेकाडांचा सिद्धान्त आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये शेकड्यांनी मातीची टेकाडे आहेत. उलट्या वाडग्यासारखा आकार, माथा सपाट, भोवती खंदक, पायथ्याशी बांध घातलेले एक आवार. वर एकेकाळी लाकडी मनोरा आणि मेढेकोट असे. काहींवर पुढे दगडी बांधकाम झाले. यांना मॉट म्हणतात. ही कोणी उभी केली?

क्लार्क यांनी अँग्लो-सॅक्सन बखर उघडली, म्हणजे नॉर्मनांच्या आधी इंग्लंडवर राज्य करणाऱ्या सॅक्सन लोकांची बखर. दहाव्या शतकाच्या आरंभी राणी एथेलफ्लेड आणि तिचा भाऊ थोरला एडवर्ड यांनी डेन्मार्ककडून आलेल्या डेन आक्रमकांना थोपवण्यासाठी ठिकठिकाणी ‘बर्ह’, म्हणजे तटबंद ठिकाणे, उभारल्याच्या नोंदी तिथे सालवार आहेत: टॅमवर्थ, स्टॅफर्ड, वॉरिक, बेडफर्ड. क्लार्क यांनी ती गावे पाहिलेली होती. टॅमवर्थला टेकाड आहे. वॉरिकला आहे. बेडफर्डला आहे. मग हेच ते बर्ह, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सॅक्सन सरदार टेकाडावर लाकडी वाडा बांधून राहत आणि १०६६मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणारे नॉर्मन या आयत्या जागांवर बसले.

या मांडणीची खुबी अशी, की तिला खोडणे जवळजवळ अशक्य होते. वॉरिकचा किल्ला नॉर्मनांचा राजा विल्यम याने १०६८मध्ये केला अशी नोंद दाखवली, की उत्तर तयार: हो, जुन्या टेकाडावर केला. कोणताही नॉर्मन पुरावा आणा, तो सिद्धान्ताच्या पोटात जिरून जाई. त्यात बोलणारा माणूस किल्ल्यांचा सर्वमान्य जाणकार. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी आपापल्या गावच्या टेकाडाला सॅक्सन ठरवून टाकले.

आर्मिटेजबाईंची मोजणी

पहिली शंका १८९४मध्ये इतिहासकार जे. एच. राऊंड यांनी घेतली. चुका शोधण्यात आणि त्या बोचऱ्या शब्दांत सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. १८९८मध्ये जॉर्ज नील्सन यांनी स्कॉटलंडमधली मॉट टेकाडे नॉर्मन सरदारांच्या मागोमाग आली असे दाखवले. क्लार्क त्याच वर्षी ३१ जानेवारीला वारले, त्यामुळे समोरासमोर सामना झालाच नाही. पण सिद्धान्ताची मुळापासून उलटतपासणी केली ती एला आर्मिटेज यांनी.

या बाई १८४१ साली लिव्हरपूलला जन्मल्या. १८७१मध्ये केंब्रिजला स्त्रियांसाठी जे न्यूनहॅम सुरू झाले, तिथल्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक. पदवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८मध्ये. लग्न एका धर्मोपदेशकाशी. पुढे मँचेस्टरला शिकवणे, रॉदरहॅमच्या शाळामंडळावर निवडून जाणे, मुलींच्या शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारी आयोगाचे काम. साठीच्या उंबरठ्यावर, १९००मध्ये, त्यांचा बर्ह आणि नॉर्मन किल्ल्यांवरचा निबंध स्कॉटलंडच्या पुराणवस्तू संस्थेच्या नियतकालिकात आला. पुस्तक आले १९१२मध्ये. तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या.

त्यांनी बखरीतल्या याद्या पुन्हा तपासल्या आणि क्लार्क यांनी न विचारलेला प्रश्न विचारला: ज्या बर्हांच्या जागी टेकाड नाही, त्यांचे काय? माल्डनला मॉट नाही. विटमला नाही. एडिसबरीला डोंगरावरचा प्राचीन कोट आहे, मॉट नाही. टॅमवर्थ-वॉरिक जुळतात खरे, पण तिथे नॉर्मन किल्ला होता याचीही नोंद सापडते. मग टेकाड कोणाच्या पारड्यात टाकायचे?

दुसरा मुद्दा आकाराचा. वुस्टरच्या एका सनदेत एथेलफ्लेड आणि तिचा नवरा यांनी बर्ह बांधले ते सगळ्या लोकांच्या रक्षणासाठी, असे स्वच्छ लिहिले आहे. बर्ह म्हणजे तटबंद गाव. कोणत्या बर्हाला किती जमिनीचा पुरवठा लावून दिला आहे याची एक सॅक्सन यादीही उपलब्ध आहे. इतिहासकार मेटलंड यांनी १८९७मध्ये तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. तिचा हिशेब असा: एका जमीन-घटकामागे एक माणूस आणि दर साडेपाच यार्ड तटाला चार माणसे. विंचेस्टरच्या नावे २,४०० घटक आहेत. गणित केले तर तट येतो ३,३०० यार्ड, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर, आणि विंचेस्टरच्या रोमन तटाची लांबी जवळपास तेवढीच भरते. आता हाच हिशेब मॉटला लावून बघा. माथा पंचवीस मीटर रुंद धरला तर कड साधारण ७८ मीटर. पहाऱ्याला साठ-बासष्ट माणसे पुरली. तेवढ्या माथ्यावर अख्खे गाव, गुरेढोरे आणि डेनांच्या भीतीने आलेली पंचक्रोशी मावायची कशी? मॉट ही एका सरदाराची, त्याच्या कुटुंबाची आणि शिबंदीची जागा. गावाचे रक्षण हा तिचा हेतू दिसत नाही. गावाला धाकात ठेवणे हा दिसतो.

तिसरा पुरावा डूम्सडे बुकातला, म्हणजे विल्यमने १०८६मध्ये करवून घेतलेल्या पाहणीतला. लिंकनला किल्ल्यासाठी १६६ घरे गेली. नॉरिचला ९८, श्रूझबरीला ५१, केंब्रिजला २७. यॉर्क शहराच्या सात विभागांपैकी एक किल्ल्यांपायी उजाड झाला. टेकाड आधीपासून तिथे उभे असते, तर एवढी वस्ती त्या जागेवर कशी राहिली असती? फार तर पायथ्याचे आवार वाढवायला काही घरे पाडली म्हणता येईल. पण प्रत्येक शहरात?

वुस्टरची गोष्ट तर नावगावासकट सांगितली गेली आहे. तिथला नॉर्मन अधिकारी उर्स याने किल्ल्याचा खंदक मठाच्या दफनभूमीत घुसवला. आर्चबिशप एल्ड्रेड तिथे आले आणि त्यांनी उर्सच्या नावाशी यमक जुळवून त्याला तोंडावर शाप दिला. आधीपासून असलेल्या टेकाडासाठी कोणी एवढा तळतळाट घेत नाही.

आणि चित्र तर सगळ्यांसमोर टांगलेले होते. फ्रान्समधल्या बायोच्या, नॉर्मन स्वारी दाखवणाऱ्या भरतकामाच्या लांबलचक पट्टीवर ब्रिटनीतल्या दोल, रेन, दिनान या ठिकाणी मॉट टेकाडे दाखवली आहेत. दिनानच्या मेढेकोटाला दोन सैनिक मशाली लावत आहेत. पुढे हेस्टिंग्जला माणसे फावड्यांनी माती ओढून टेकाड रचताहेत, आणि त्यांतले दोघे काम सोडून एकमेकांच्या डोक्यात फावडी घालताहेत. भरतकाम करणाऱ्या बायांनी बांधकामाची जागा बघितलेली होती, एवढे नक्की.

शेवटचा मुद्दा नकाशाचा. आयर्लंडमध्ये सॅक्सनांचे राज्य कधीच नव्हते, तरी जिथे जिथे नॉर्मन स्थिरावले तिथे मॉट दाट आहेत. इतिहासकार गॉडर्ड ऑर्पेन यांनी ते दाखवले. स्कॉटलंडचे तसेच, वेल्सच्या सरहद्दीचे तसेच. क्लार्क ज्या ग्लॅमॉर्गनमध्ये राहत होते तिथेही अशी टेकाडे कमी नाहीत, आणि तो मुलूख एथेलफ्लेडच्या बर्हांच्या यादीत नाही.

चूक नेमकी कुठे

क्लार्क हौशी होते म्हणून चुकले, असे म्हणणारे काही जण भेटतात. मला ते पटत नाही. आर्मिटेजबाईही हौशीच होत्या, नील्सन व्यवसायाने वकील होते आणि राऊंड यांच्याकडेही प्राध्यापकाची खुर्ची नव्हती. चूक करणारे आणि ती काढणारे, सगळे एकाच पंगतीचे.

कागद वाचता येत नव्हते, असेही नाही. ग्लॅमॉर्गनच्या सरदारकीच्या लॅटिन सनदा गोळा करून छापण्याचे प्रचंड काम याच क्लार्क यांनी केले. डूम्सडे बुक तर १७८३पासून छापील रूपात मिळत होते. १६६ घरांचा आकडा त्यांच्या हाताशी होता.

मला वाटते, दगडाने त्यांना लावलेली सवय आडवी आली. चिरेबंदी किल्ल्यात रचना समजली की काळही बराचसा समजतो: दाराची कमान, बुरुजाचा आकार, जंग्यांची तऱ्हा, सगळे आपले शतक सांगतात. माती सांगत नाही. टेकाडाची रचना क्लार्क यांनी अचूक ओळखली होती. खंदक, माथा, आवार, लाकडी मनोरा, यात आर्मिटेजबाईंनाही फारसे खोडण्यासारखे सापडले नाही. पण ‘हे कसे चालते’ याचे उत्तर मिळाल्यावर ‘हे कोणाचे’ याचेही मिळाले असे त्यांनी धरले, आणि त्यासाठी बखरीतले जुळणारे दाखले उचलले. न जुळणारे मोजले नाहीत. कारखान्यात दहा नमुन्यांपैकी चार पास झाले म्हणून त्यांनी माल पुढे पाठवला नसता.

हा रोग परदेशातलाच आहे असे नाही. आपल्या गडांवर कातळात खोदलेले टाके दिसले की किल्ला थेट सातवाहनांचा होतो, आणि कागद नसला की राजा भोज मदतीला धावतो. टाके जुने असू शकते, तट त्याहून कितीतरी नंतरचा असू शकतो, आणि दोघांचा धनी वेगळा असू शकतो.

आर्मिटेजबाईंचा निकाल मोठ्या प्रमाणात टिकला. १९६०च्या दशकात किल्ल्यांचा उगम शोधण्यासाठी हेस्टिंग्ज, यॉर्क, सल्ग्रेव्ह अशा ठिकाणी मुद्दाम उत्खनने झाली. सल्ग्रेव्हला नॉर्मन बांधाखाली सॅक्सन सरदाराचे घर निघाले, गोल्थोलाही खाली सॅक्सन वाडा सापडला. म्हणजे सॅक्सन सरदार स्वतःच्या घराला कुंपण-खंदक करत होते, हा क्लार्क यांच्या पदरात पडणारा थोडासा न्याय. मॉट मात्र नॉर्मनच राहिले.

अपवाद निघाले ते दोन्ही पक्षांच्या स्वप्नातही नव्हते. मार्लबरोच्या टेकाडात आरपार छिद्रे घेऊन कोळशाचे नमुने तपासले, तर ते इसवी सनापूर्वी २४००च्या आसपासचे असल्याचे २०११मध्ये जाहीर झाले. नॉर्मनांनी त्यावर नुसता मनोरा चढवला होता. यॉर्कशरमधले स्किप्सीचे टेकाड लोहयुगातले ठरले. नॉर्मन आयत्या टेकाडावर बसले, हे क्लार्क यांचे वाक्य या दोन जागी खरे झाले, फक्त टेकाड सॅक्सनांचे नव्हते.

लोकांच्या तोंडी मात्र जुने तेच आहे. वॉरिकच्या मॉटला आजही एथेलफ्लेडचे टेकाड म्हणतात. टॅमवर्थला १९१३मध्ये, म्हणजे बाईंचे पुस्तक आल्यावर वर्षभरात, बर्हाच्या हजाराव्या वर्षानिमित्त राणीचा पुतळा बसवला, तो नॉर्मन टेकाडाच्या पायथ्याशी.

क्लार्क यांचे काम त्यामुळे मोडीत निघाले असे नाही. सर्वसाधारण विवेचनाची पाने आता कोणी आधाराला घेत नाही. पण केअरफिलीच्या पाण्याचा आणि दुहेरी तटाचा त्यांनी लावलेला अर्थ पुढच्या अभ्यासाचा पाया झाला, आणि ग्लॅमॉर्गनच्या सनदा त्यांच्या मुलाने, गॉडफ्रे क्लार्क यांनी, १९१०मध्ये सहा खंडांत पुन्हा छापल्या. त्या भागाच्या मध्ययुगावर काम करायचे तर ते खंड आजही उघडावे लागतात.